पट्ट्यावरची लाल रेघ

पप्पा, काल माळा आवरताना माझे जुने स्प्लिंट सापडले. पिवळट प्लास्टिकचे, पोटरीपासून पावलापर्यंतचे बूट. पट्ट्यांवर तुमची लाल रेघ अजून आहे. आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर माझ्या मनात तुमच्याविषयी संशय आला. तुमचीच मुलगी, दुसरं काय येणार?

तुमचा संशय जगजाहीर होता. अंबरनाथच्या कारखान्यात मालाची तपासणी करायचात आणि घरी हेंद्रेपाड्याला येऊन आमची. दूध हुंगायचं, कोथिंबिरीची जुडी सोडून आतून बघायची. मी जन्मापासून चवड्यांवर चालणारी, गुडघे वाकवून, भिंत धरून. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी दोन्ही टाचांमागच्या आखडलेल्या शिरा थोड्या कापून लांब करायचं ठरवलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्ही त्यांना विचारलंत, "कापल्यावर मापात राहील कशावरून?"

"राहीलच असं नाही सांगत," डॉक्टर म्हणाले. "हाड वाढतं, शीर मागे पडते. प्लास्टर निघालं की स्प्लिंट आणि व्यायाम. त्यात चालढकल झाली तर टाच पुन्हा उचलेल."

स्प्लिंट बनवणारे सिंधी काका पट्टे आवळून मला म्हणाले, "बेबी, ये मम्मी बोलेगी तभीच निकालनेका." तुम्ही त्यांच्याकडेही संशयानेच बघत होतात. पण प्लास्टर निघालं आणि दोन्ही टाचा फरशीला टेकल्या, तेव्हा तुम्ही खाली बसून माझ्या टाचेखाली कागद सरकवून बघितलात. तो सरकला नाही. तुम्ही इतकं हसलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

मग सुरू झाली रेघ. कारखान्यात आवळलेल्या नटावर मारतात तशी, अर्धी पट्ट्यावर, अर्धी प्लास्टिकवर. पट्टा सुटून पुन्हा लागला की रेघ जुळत नाही. सकाळी पहिल्या पाळीला निघताना पट्टे तुम्हीच बांधायचात, चारला येऊन बघायचात. डावा स्प्लिंट मला घोट्याला काचायचा. आई माझ्याकडे पाठ करून मशीनवर शिवत असायची. मी डाव्याचा पट्टा सोडायचे, दिवसभर पाय मोकळा ठेवायचे आणि पावणेचारला रेघेला रेघ जुळवून लावायचे. अगदी केसाचा फरक नाही. हात तुमच्याच घरचा. उजवा काचत नव्हता, म्हणून तो राहू दिला.

दोन वर्षांनी डावी टाच उचलली. उजवी टेकलेलीच. तपासणीच्या खोलीत तुम्ही डॉक्टरांवर ओरडताय, बाहेरचे पेशंट दारातून बघतायत. "एकही दिवस पट्टा सुटला नाही! माझी खूण आहे त्याच्यावर! तुम्हीच डावा कमी कापलाय!" डॉक्टर माझ्याकडे बघतात. मी फरशीकडे. ते शांतपणे म्हणाले, वाढीच्या वयात असं होतं, डावा पुन्हा करू. तुम्ही माझा हात धरून उठवलंत. पुन्हा त्या दारात आपण गेलो नाही. त्यानंतर जो विचारेल त्याला तुम्ही सांगायचात, कापू देऊ नका. पुरावा म्हणून माझी डावी टाच. तुमच्यामागे मीही तेच सांगत आले.

काल स्प्लिंट पुसताना पट्ट्याच्या चिकटणाऱ्या बाजूत पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे अडकलेले दिसले. आधी वाटलं, आईच्या शिवणाचा कचरा. पण सगळे एका मापाचे होते, बोटाच्या पेराएवढे. आणि मला एकदम तुमचं जेवतानाचं बोलणं आठवलं. "रेघ कामगाराला दाखवायची असते. आपली खूण वेगळी पाहिजे, त्याला न दिसणारी." पट्टा बांधताना तुम्ही त्याखाली दोरा ठेवत होतात, तो अर्धवट मोकळा. पट्टा सुटला की दोरा खाली गळायचा, एखादा पट्ट्यालाच चिकटून राहायचा. चारला आल्यावर तुम्ही माझ्या पायाकडे न बघता आधी मी बसायचे त्या खाटेखाली का वाकायचात, ते मला काल कळलं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग मला एक थोबाडीत का दिली नाहीत? माझा काचलेला घोटा बघून गप्प बसलात? आणि सगळं ठाऊक असून त्या माणसावर ओरडलात? तुम्ही मला वाचवलंत की स्वतःच्या तपासणीला? मला तुमचा राग येतोय पप्पा, आणि त्या दोऱ्यांकडे बघून रडूही येतंय. दोन्ही खरं आहे. टाच उचलली ती सगळी त्या पट्ट्यामुळेच असंही नसेल. पण डॉक्टरांमुळे नक्की नव्हती.

वांगणीची एक बाई गेल्या आठवड्यात आली होती. तिची मुलगी माझ्यासारखीच, चवड्यांवर चालते. ऑपरेशनची तारीख मिळालीय. तिने माझी टाच बघितली, तुमचं वाक्य माझ्या तोंडून ऐकलं आणि तारीख रद्द करते म्हणून गेली.

हे पत्र त्या स्प्लिंटमध्येच ठेवतेय, पट्टा लावून. पण आधी तिला फोन केला. म्हटलं, "ताई, तारीख सोडू नका. माझी टाच डॉक्टरांनी नाही बिघडवली. स्प्लिंट मी काढून ठेवायचे, रोज."

ती म्हणाली, "आणि तुमच्या पप्पांच्या ध्यानात नाय आलं?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना कधीच कळलं नाही."