रापणीतला तुमचा वाटा

अहो,

शपथ मोडली मी. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी आपणच लिहावं म्हटलं.

काल मालवणात तुमची शोकसभा झाली. तुमचे ते मंत्री, आता माजी, फोटोला हार घालून काय म्हणाले? "साहेब देवमाणूस. पण बंदराच्या भूमिपूजनाला लोक आडवे येणार, हे त्यांनी आधी कळवलं असतं तर माझी फजिती टळली असती!"

कळवलं नव्हतं? पोलिसांच्या गुप्तवार्ता खात्यात जन्म काढलेल्या माणसानं? घरी बांगडे आणि ओली पँट आली की मी ओळखायची, आज अहवाल निघणार! किनाऱ्यावर उभं राहून रापणीच्या जाळ्याची दोरी ओढेल त्याला माशांचा वाटा. तुम्ही त्याबरोबर किनाऱ्याची बातमीही आणायचात. अहवालाचं इंग्रजी कोण तपासायचं? शाळेत दिवसभर पोरांचं इंग्रजी तपासून आलेली मी! वर शपथ, कुठे बोलायचं नाही.

"बंदर आलं तर रापण बुडेल, लोक किनारा अडवतील." ही ओळ माझ्या हाताखालून गेली आहे. मंत्र्यांचा फोन आला, "तेवढी ओळ काढून नवा अहवाल पाठवा. लोक खूश आहेत म्हणा." तुम्ही काढली नाहीत. भूमिपूजनाला किनारभर जाळी पसरलेली, माणसं त्यावर बसलेली! बंदर बारगळलं आणि तुमची बदली खारेपाटणच्या नाक्यावर, ट्रक तपासायला. तरी गप्प! इतकं कसलं हो ते गप्प बसणं?

काल मात्र मी उठले. "साहेब, तुम्ही ती ओळ काढायला सांगितलीत तेव्हा मी फोनशेजारी कांदा चिरत होते."

"वहिनी, ते सगळं गोपनीय असतं."

"मग खोटं तेवढं माईकवर का?"

सभा हसली. मागून रापणीचे म्होरके, म्हातारे तांडेल, ओरडले, "सायब दोरी कित्याक ओढतत, ता आमका ठावक होता गो बाय! म्हणानच खरा ता सांगलव. वर पोचांदे म्हणान!"

ऐकलंत? तुम्ही दोरी कशाला ओढता ते ओळखून, खरं तेच वर पोचावं म्हणून अख्खा किनारा तुमचं गुपित राखून होता, आणि तुम्ही डोक्याला पंचा गुंडाळून वेषांतराच्या ऐटीत! त्या हारासमोरच किती हसले मी!

आज सकाळी दारात बांगडे आले. "सायबांचो वाटो." फुकटचं मी घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. उद्यापासून दोरीला माझा हात. आणि जे कानावर येईल ते वर पाठवीन. शपथबिपथ न घेता, खाली सही करून.

तुमची,
सुलभा