पळसाच्या पानांचा माणूस

इंझोरी, १९४४

बेटा जगदेव, बापाचा आशीर्वाद.

तू बरमाच्या लढाईत बेपत्ता झाला, असा पलटनीचा कागद आला. वर्षभर वाट पाह्यली. मंग देह नाई म्हणून रीतीपरमानं पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याले तुहा सदरा घातला अन् मीच अग्नी देल्ला. रडू आलं नाई.

काल दवाखान्यातून तुहं कार्ड आलं. तुही माय हासून राह्यली. तुही बायको इचारे, "मामाजी, कुंकू लावू काय?" म्या म्हनलं, लाव.

तो माणूस केला त्या दिवशी पानं कमी पडली होती. भटजी म्हने, अजून आना. म्या म्हनलं, चालते तसंच. डावा पाय केलाच नाई.

कार्डात तू लिवलं, डावा पाय कापला.

मंगळवारी टेसनावर बैलबंडी घेऊन येतो. पाय कसा गेला ते तू सांगशीन, मी आयकीन. हे पत्र टपालात टाकत नाई.

तुहा बाप,
पुंजाजी