टाकीला दोन भोकं

३ मार्च

चि. सूनबाई हिस,

अनेक आशीर्वाद. ‘चि.’च्या पुढे ‘सौ.’ लिहावं की नाही, यावर पेन धरून बराच वेळ बसले आणि शेवटी गाळलं. चुकलं असेल तर सांग.

इकडे सगळं आहे तसंच. माझा गुडघा कुरकुरतो. तू लावलेली खिडकीतली कुंडी जिवंत आहे. वरच्या मजल्यावरचे लोक घर सोडून गेले, त्यामुळे खुर्च्या सरकवल्याचा आवाज बंद झाला. चिरंजीव कामावर जातात, येतात. बोलणं बेताचंच.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुझ्या वडिलांची मोटारसायकल. आठ महिन्यांपूर्वी तू निघालीस तेव्हा ती नेणार होतीस. “टाकी गळतेय, रस्त्यात पेट घेईल, नंतर ने,” असं मीच म्हणाले होते. तेव्हापासून ती मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या शिक्षकांनी पेट्रोलचा वास येतो म्हणून तक्रार केली. जाऊन पाहिलं तर खाली ताटाएवढा ओला डाग. चिरंजीव म्हणाले, “भंगारवाल्याला सांगतो.” मी म्हटलं, “गाडी तुझी नाही. मी बघते.”

तू हसशील. पण तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मी पोरांना मोजून आम्ल दिलं आणि त्यांनी सांडलेलं पुसलं. गंजाला मी घाबरत नाही. टाकीचे चार बोल्ट. तीन निघाले, चौथ्याने दोन दिवस तेल प्यायलं आणि मग ऐकलं. आतलं पेट्रोल जुनं होऊन काकवीसारखं झालं होतं आणि वास असा, की डोळ्यांतून पाणी आलं. झाकणातून टॉर्च मारली तर आत सगळं लालच लाल.

दुरुस्त झाली की कळवते. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
सासू


१५ मार्च

चि. सूनबाई हिस,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली नाव नाही, मध्ये दोन ओळी. ‘गाडी मला हवी आहे. दुरुस्त करायला मी तुम्हाला सांगितलेलं नाही.’ खरं आहे. तरी करतेय.

टाकीत मूठभर नट आणि पाणी घालून रोज सकाळी हलवत होते. ती उचलून हलवणं माझ्या वयाचं काम नाही, म्हणून मांडीवर घेऊन लहान मुलासारखी डोलवली. चार दिवस तांबडं पाणी निघत राहिलं. मग गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून ती काठोकाठ भरली आणि दोन दिवस ठेवली. नंतर सोड्याच्या पाण्याने धुतली. आतला पत्रा पहिल्यांदा राखाडी दिसला, तेव्हा मला एवढा आनंद झाला की कोणाला तरी बोलावून दाखवावंसं वाटलं. घरात कोणी नव्हतं.

गंज निघाला तशी गळती वाढली. तोवर गंजानेच भोक बुजवलेलं असतं, हे मला माहीत होतं. टाकी रिक्षात घालून रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी त्यात पाणी भरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बोटाने चाचपून पाहिलं.

“बाई, भोकं दोन आहेत.”

“गंजाची टाकी आहे. असतील.”

“एक गंजाचं. दुसरं नाही.”

“कशावरून?”

“गंज आतून खातो. कड कागदासारखी होते, नख लावलं की चुरा पडतो. हे बघा. इथे पत्रा जाड आहे आणि आत दुमडलाय. बाहेरून ठोकलंय कोणीतरी. स्क्रू ड्रायव्हर असेल.”

“चुकून लागला असेल.”

“सीट काढल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, बाई.”

मी टाकी तिथेच ठेवली आणि चालत घरी आले.

संध्याकाळी जेवताना चिरंजीवांना विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणेल. तो म्हणाला, “मग काय करणार होतो? गाडी घेऊन गेली असती तर परत आली असती का?” वर म्हणाला, “वाटलं, गाडी इथे राहिली तर न्यायला तरी येईल. तेव्हा बोललो असतो.” त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग म्हणाला, “हे कुठे बोलू नकोस. अठ्ठावीसला कोर्टाची तारीख आहे. वकील म्हणालाय, आईने एवढंच सांगायचं, की घरात कधी काही झालं नाही.”

मी “बरं” म्हटलं.

मी बरं म्हटलं, हे तुला लिहायला नको होतं, पण आता लिहून झालं. आणखीही एक लिहायचं होतं. टपालाची पेटी उघडायची वेळ झाली, म्हणून थांबते.

तुझी,
सासू


२४ मार्च

चि. सूनबाई हिस,

टाकीचं आधी सांगते. मिस्त्रींनी ती पुन्हा दोनदा उकळत्या पाण्याने धुतली. वास जराही उरला तर ते ज्योत जवळ नेत नाहीत. भोकापर्यंत पाणी भरलं, म्हणजे आत वाफ साठायला जागाच नको. मग दोन्हीकडे पितळी ठिगळं लावून सोल्डर केलं. आतून लेप दिला. तो सुकायला चार दिवस. टाकी घरी आणून बसवली, पेट्रोल भरलं, खाली पांढरा कागद अंथरला. दोन दिवसांत कागदावर एक थेंब नाही. मिस्त्रींनी गाडी चालू करून चौकापर्यंत दोन चकरा मारल्या. आवाज तुझे वडील यायचे तेव्हाचाच.

आता ते दुसरं.

गेल्या वर्षीच्या जूनमधला तो रविवार. दुपारचे तीन वाजले असतील. तुम्ही दोघं आतल्या खोलीत होता, मी स्वयंपाकघरात. आधी त्याचा आवाज आला. मग तुझा. तू म्हणालीस, “सोड, बोट मोडेल.” मला हे शब्द नीट ऐकू आले. तू ते दोनदा म्हणालीस.

मी उठले. तुमच्या दाराकडे गेले नाही. वॉशिंग मशीनकडे गेले आणि ते चालू केलं. आत कपडे नव्हते.

तू बाहेर आलीस तेव्हा हात टॉवेलात गुंडाळलेला होता. “दारात अडकला,” म्हणालीस. मी बर्फ दिला आणि म्हणाले, “जपून राहावं.” डॉक्टरांच्या कागदावरही दारच लिहिलंय. त्या दुपारी आमच्या घरात एकही दार वाजलं नव्हतं.

तू माझ्याकडे बघत होतीस. मी काही विचारते का, हे बघत होतीस. मी मशीन बंद करायला गेले. त्याआधीही दोनदा मी असंच केलं, पण तेव्हा तुला काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी विचारलं नाही.

एवढे दिवस स्वतःला सांगत होते, की नवराबायकोचं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक, मी काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मिस्त्रींच्या दुकानात त्या आत दुमडलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं, तेव्हा तेही मी होताना पाहिलेलं नव्हतं. तरी कळलं.

काल चिरंजीवांना सांगितलं, की अठ्ठावीसला मी येणार, पण वकिलाने सांगितलेलं बोलणार नाही, ऐकलेलं बोलणार. त्याने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाला, “आई, तू माझी आहेस की तिची?”

मी म्हटलं, “तुझीच आहे. तुझी नसते तर त्या दिवशी दार उघडलं असतं.”

त्याने बॅग भरली. ऑफिसमधल्या मित्राकडे राहतोय. तो जाताना मी त्याला डबा दिला. तो त्याने नेला. मला त्याचं वाईट वाटतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. एकच मुलगा आहे. पुढे तो माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही.

गाडी आणि किल्ली मिस्त्रींच्या दुकानात ठेवली आहे, म्हणजे न्यायला तुला या घरी यावं लागणार नाही. ते रविवार सोडून रोज सहापर्यंत असतात. पहिले काही दिवस टाकी काठोकाठ भरू नकोस, असं त्यांनी सांगितलंय.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागायचं तर समोर उभं राहून मागावं, आणि तू उभं राहू देशील तेव्हाच.

अठ्ठावीसला साडेदहाला मी कोर्टात असेन. तू ओळख दाखवली नाहीस तरी चालेल. माझं नाव पुकारलं, की मी आत जाईन.

त्या दुपारी घरात असलेली,
तुझी सासू