फळी की पत्रा

५ एप्रिल १९९८

ही वही काढली, कारण हे कुणाशी तरी बोलायला हवं, आणि घरात जो माणूस आहे त्याच्याशी बोलून उपयोग नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज व्हर्ननला, माझ्या नवऱ्याला, स्वच्छ सांगितलं — नजर अशीच उतरत जाणार, ऑगस्टनंतर गाडी चालवायची नाही. परतताना गाडी मी चालवत होते. मी मनात धीराची चार वाक्यं जुळवत होते. फाटकात वळलो तेव्हा त्याने तोंड उघडलं.

"तळाला काय घालू? फळी की पत्रा?"

म्हणजे गॅरेजमधली ती बत्तीस सालची फोर्ड! मुलगी शाळेत होती तेव्हा भंगारातून आणलेली. आता तिची मुलं शाळेत जातात. मोठं इंजिन बसलं, टप कापून बुटका झाला, तीनदा रंग झाला. तळ मात्र नाही. आत बसलं की पायांखाली गॅरेजची फरशी दिसते. ही हॉट रॉड, म्हणजे जुन्या सांगाड्यात दांडगं इंजिन घातलेली गाडी, घेऊन डोंगर ओलांडून समुद्रावर जायचं, हे त्याचं स्वप्न. आता ऑगस्टपर्यंतच मुदत. आणि हा फळी-पत्रा करतोय.

१२ एप्रिल

व्हर्ननचा मित्र डेल्बर्ट आला होता. हा पत्र्याच्या पक्षाचा. इंजिनपासून चाकांकडे जाणारा खालचा दांडा तुटून उसळला तर फळी फोडून पाय घेऊन जाईल, म्हणाला. व्हर्ननचं म्हणणं, मूळ गाडीला फळीच होती. फळी आवाज खाते, ऊन खाते. मी भाजलेला जर्दाळूचा केक मात्र डेल्बर्टने खाल्ला. अख्खा.

मला कुणी विचारलं नाही. जन्मभर भूमिती शिकवली, पण त्या गाडीच्या स्टिअरिंगला आजवर हात लावू दिलेला नाही. बोटांचे ठसे उठतात म्हणे.

३ मे

पत्रा ठरला.

४ मे

फळी ठरली.

२३ मे

बागेत घालायचा डावा बूट गायब. शेजारच्या लोरेनचा कुत्रा — दुसरं कोण! कुंपणावरून तिला चांगलं सुनावलं. व्हर्नन गॅरेजच्या दारात उभा राहून खोकत होता. वेल्डिंगचा धूर, म्हणाला. फळी लावतोय ना? मग वेल्डिंग कसलं?

१४ जून

तळ झाला. फळीचाच. पेडलांपाशी एकावर एक थर चिकटवून उंचवटा केलाय. सीटही पुढे सरकवून, बोल्ट मारून पक्की. डेल्बर्ट आत बसला आणि गुडघे थेट स्टिअरिंगला!

"कुणासाठी केलंयस रे हे? शाळकरी पोरासाठी?"

व्हर्नन सहा फुटी. तो बसला तर गुडघे कानाला लागतील. हा हसला फक्त.

नंतर डेल्बर्ट स्वयंपाकघरात आला. आवाज खाली. "मास्तरीणबाई, त्याला आता टेपवरचे आकडे दिसत नाहीत. एवढी चूक तो कधी करायचा नाही."

मला दया यायला हवी होती. आला राग. इतकी वर्षं घोळ घातला, आणि शेवटी मापच चुकवलं! आता कसला समुद्र? जेवताना मी म्हणाले, "आंधळ्याने कापावं तसं कापलंयस."

तो कणसाला लोणी लावत होता. म्हणाला, "जेवून घे. गार होतंय."

१५ जून

बोलणं बंद. माझ्याकडून. तो दिवसभर शीळ घालतोय.

१९ जून

सकाळी म्हणाला, परवान्याच्या कार्यालयात घेऊन चल. मला वाटलं, मुदत वाढवून मागणार. नाही. रांगेत उभा राहिला आणि खिशातून परवाना काढून खिडकीतल्या मुलीला देऊन टाकला. ऑगस्टची वाटही पाहिली नाही.

घरी आल्यावर त्याने गॅरेज उघडलं. क्लचखालच्या उंचवट्यावर माझा हरवलेला डावा बूट. त्याभोवती जाड पेन्सिलीची रेघ, जवळून पाहत हळूहळू ओढलेली.

"बस," म्हणाला.

बूट पायात घालून बसले. स्टिअरिंग धरलं. टाच बरोबर रेघेत पडली. क्लच तळापर्यंत गेला.

"पत्रा पातळ," तो म्हणाला. "तुझा पाय पोचला नसता."

लोरेनच्या कुत्र्याची माफी मागायची आहे.

आज दिलं — खिडकीत, व्हर्ननचा परवाना.
आज मिळालं — फोर्डची किल्ली, आणि डावा बूट.