मागच्या गाडीचे दिवे

मी अर्लीन फे हॉलक्विस्ट, वय शहात्तर, राहणार चाकांवर, सध्याचा मुक्काम क्वार्ट्झसाइटचे वाळवंट, ॲरिझोना, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. शरीराची आशा डॉक्टरांनी सोडली आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणी धाक घातला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. माझ्यामागे माझे पती व्हर्जिल सगळे सांभाळतील, असे त्यात गृहीत धरले होते.

कलम १. बँकेत जे काही उरेल ते व्हर्जिलच्या औषधपाण्यासाठी, आमचा मुलगा रसेल याच्या देखरेखीखाली.

कलम २. शिवणयंत्र आणि बिडाचा तवा तळावरच्या आमच्या रांगेतल्या ज्या बाईला हवे तिने न्यावे. नणंद आयरीनला काहीही देऊ नये. घर विकून आम्ही मोटारहोम, म्हणजे बसएवढे चाकांवरचे घर घेतले, मागे छोटी गाडी जोडली, तेव्हा ती चारचौघांत म्हणाली, "घर ना दार, आणि मागे हे शेपूट!" त्याच शेपटात बसवून मी तिला मोडक्या पायानिशी दवाखान्यात नेले होते. मोठे धूड तळावर उभे राहते आणि दूध-भाजीला, दवाखान्याला छोटी गाडीच कामी येते, हे तिला तेव्हाही कळले नाही.

कलम ३. गाडी ओढायचा लोखंडी दांडा शेजारी डेल्बर्ट यान्सी याचा आहे, तो त्याला परत जावा. मात्र व्हर्जिल असेपर्यंत त्याने तो मागू नये. याचे कारण लिहिणे भाग आहे.

नव्याने रस्त्यावर आलेल्यांना व्हर्जिल शिकवायचा, "मागे गाडी जोडलेली असताना रिव्हर्स घ्यायचा नाही, दांडा वाकतो. मेलात तरी नाही! उतरा, गाडी सोडा, मग काय ते करा." म्हणूनच अनोळखी तळावर तो फाटकाशी थांबायचा आणि मी चालत आत जायचे. वळायला जागा असली की टोपी हलवायचे, मग तो यायचा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात, पण दांड्याने बांधलेल्या मागच्याला शहाणे व्हायला सवडच मिळत नाही.

मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात व्हर्जिलने इथेच, सगळ्यांदेखत, जोडलेल्या गाडीसकट रिव्हर्स घेतला. दांडा पार वाकला. डेल्बर्ट पोट धरून हसला, "काय गुरुजी, मेलात तरी नाही ना?" व्हर्जिलही हसला. जेवताना त्याने मला विचारले, "अर्लीन, आपला दांडा कुणी गं वाकवला?" त्याचे मन मागे जायला लागले आहे, हे मला त्या दिवशी कळले.

डेल्बर्टशी मी तो सबंध हिवाळा बोलले नाही. पुढच्या वर्षी तो न बोलावता आला, स्वतःचा नवा दांडा आमच्या गाडीला लावून गेला आणि दारातून म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं गं, अर्लीन." दांड्याबरोबर माझा रागही निकालात निघाला असे समजावे.

कलम ४. व्हर्जिल. वकीलबाई म्हणाल्या, नवरा मृत्युपत्राने देता येत नाही. तेव्हा ही विनंती समजावी.

तो आता मुलाचे नाव विसरतो. पण रोज सकाळी मागच्या गाडीचे दिवे लागतात का ते बघायला तिच्या मागे जाऊन उभा राहतो. मी पुढे मोटारहोममध्ये बसून वळायचे दिवे लावते, ब्रेक दाबते. तो ओरडतो, "डावा! उजवा! ब्रेक! चल, अर्लीन!" मग शेजारी येऊन बसतो. आम्ही कुठेही जात नाही, तरी तो दिवसभर शांत असतो. मी दवाखान्यात होते तेव्हा पुढे कोणी बसले नाही, तर तो मला शोधत हमरस्त्यावर चालत गेला. मरणाची मला भीती नाही, त्या रस्त्याची आहे.

म्हणून मोटारहोम आणि गाडी रसेलला देते, या अटीवर की बाप असेपर्यंत ती विकायची नाहीत. नेब्रास्कात त्याच्या अंगणात दोन्ही जोडून उभी करावीत. रोज सकाळी कोणीतरी पुढे बसावे. "आई, विकून टाक, बाबांना वृद्धाश्रमात ठेवू," हे त्याचे म्हणणे मी ऐकले आहे. मागच्या आठवड्यात तो इथे आला तेव्हा मी त्यालाच पुढे बसवले. खाली उतरला तो डोळे पुसत.

"आई, ते मला 'चल, अर्लीन' म्हणाले."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार?"

तर रसेल, उत्तर इथे लिहून ठेवते. तो विचारेल, अर्लीन कुठंय? मी गेले असे सांगू नकोस. रोज नव्याने ऐकेल, रोज नव्याने रडेल. एवढेच सांग, "ती पुढे जागा बघायला गेलीये. तुम्हाला इथेच थांबायला सांगितलंय." तो थांबेल. आयुष्यभर थांबला आहे.

व्हर्जिलनेही सही करायचा हट्ट धरला. कायद्याने ती धरू नये, पण खोडूही नये.

लिहून ठेवणार: अर्लीन फे हॉलक्विस्ट

आम्हां दोघांसमक्ष सही केली. साक्षीदार: मॅक्सीन ओडम, हॅरल्ड स्टकी

क्वार्ट्झसाइट, १९ फेब्रुवारी २०२४

व्हर्जिल हॉलक्विस्ट
डावा ठीक. उजवा ठीक. ब्रेक ठीक. चल, अर्लीन.