तीनशे बारा अंगाया, माझ्या हातच्या

३ मार्च, दुपार
बायकोच्या, म्हणजे इन्साफच्या, वेबसाइटला जागा देणारी कंपनी ३१ तारखेला बंद होतेय. आपापलं सामान काढून घ्या, असं पत्र आलं. बायकोचा चेहरा उतरला. नऊ वर्षं आमच्या दुम्यात शहराच्या गल्ल्यागल्ल्यांत फिरून तिने म्हाताऱ्यांच्या आवाजात अंगाया गोळा केल्यात. तीनशे बारा, सगळ्या फक्त त्या वेबसाइटवर. निम्म्या म्हाताऱ्या आता नाहीत. तिची आईही नाही. आईचा आवाज त्या एकाच अंगाईत उरलाय, आणि आई गेल्यापासून इन्साफने ती लावलेली नाही, ऐकवत नाही म्हणते.

मी म्हटलं, काळजी सोड. चौतीस वर्षं पाणीखात्यात फायली सांभाळल्या, एकही हरवली नाही. (एक हरवली होती, पण ती कुणी मागितलीच नाही.)

पुतणी रगदा म्हणाली, काका, तिथे एक बटण आहे, दाबलं की सगळं आपल्या संगणकात उतरतं. बटणाला काय कळतंय? मी एकेक हाताने उतरवणार. रोज शंभर. चौथ्या दिवशी सकाळी काम फत्ते.

४ मार्च
चार झाल्या. शंभर सहज झाल्या असत्या, पण अंगाई लागली की माझा डोळा लागतो. यावरून संग्रहाचा दर्जा कळतो.

९ मार्च
एकूण एकतीस. शेजारची उम्म हिशाम डोकावून म्हणाली, अगं बाई, केवढा हा खजिना! आणि वर, दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात ते 'माशाल्लाह' म्हणाली नाही. संध्याकाळी वीज गेली. दृष्ट लागल्याचा आणखी काय पुरावा हवा?

१० मार्च, सकाळी ७
तोड सापडली. आजीची चार मुलं पाठोपाठ गेली, तेव्हा पाचव्याचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव तिने शह्हात ठेवलं. भिकारी. भिकाऱ्यावर कोण जळणार? वडील एकोणनव्वद वर्षं जगले.
म्हणून अंगायांच्या फोल्डरचं नाव ठेवलं 'कचरा'. त्याच्या आतल्याचं 'फेकून द्या'. इन्साफ म्हणाली, उस्ताद, निदान एक प्रत पेनड्राइव्हवर तरी ठेव. मी म्हटलं, दुसरी प्रत म्हणजे पहिलीवर अविश्वास.

१७ मार्च
एकशे ऐंशी. वेग वाढला, कारण आता ऐकत नाही, नुसत्या उतरवतो. संगणक मात्र दमलाय. मी नाही.

२१ मार्च, संध्याकाळी ६
तीनशे बारा! आज आमच्याकडे मातृदिन, म्हणून सासूबाईंची शेवटी ठेवली होती. मान म्हणून ती दोनदा ऐकली. इन्साफला सांगितलं, तुझी आई आता माझ्या ताब्यात आहे. ती जरा घाबरलेली वाटली. आनंदाने असेल.

२२ मार्च
खात्याचा नियम असा की फाइल नव्या कपाटात गेली की जुनं रिकामं करून सही करायची. वेबसाइट पुसून टाकली. संगणकाने तीनदा विचारलं, नक्की? मी तिन्ही वेळा ठामपणे हो म्हटलं. यंत्रं फार भित्री असतात.

२५ मार्च
संगणक गोगलगाय झाला. खालच्या दुकानातल्या वगदीला दुरुस्तीला बसवलं आणि बदक आणायला बाजारात गेलो. परत येतो तर संगणक वाऱ्यासारखा! वगदी म्हणाला, हाजी, नुसता कचरा साठला होता, आणि त्याच्या आत 'फेकून द्या'. दिलं फेकून, मुळासकट. असा हुकूम पाळणारा एक जरी माणूस खात्यात असता! खूश होऊन त्याला बदकासोबतची मुलुखियाची पालेभाजी पुन्हा वाढली.
हात धुताना छातीत काहीतरी टोचलं. बदकाचं हाड असावं.

२६ मार्च
हाड नव्हतं.

२७ मार्च
कंपनीला फोन केला. बाई म्हणाल्या, तुम्ही तीनदा हो म्हणालात. मी म्हटलं, चौथ्यांदा विचारायला काय झालं होतं? वगदीने दोन तास खटपट केली, मग कपाळाला हात लावला, आणि जाताना बदक छान होतं म्हणाला. दोष अर्थातच उम्म हिशामचा.
इन्साफला उद्या सांगतो. उद्या ती केस रंगवणार आहे. परवा.

३० मार्च
सांगितलं. (रगदाने सांगितलं. मी मान डोलावली.)

इन्साफ ओरडली नाही. ओरडली असती तर मी सात उत्तरं तयार ठेवली होती. तिने नवी वही काढली, समोर बसली आणि म्हणाली, चाल आहे माझ्या डोक्यात, शब्द निसटलेत. तू दोनदा ऐकलीस ना? म्हण.

मी डोळे मिटले, घसा साफ केला. एक शब्द येईल तर शपथ. खूप ताण दिल्यावर एवढंच आठवलं की मध्येच सासूबाई खोकतात आणि म्हणतात, इन्साफ, खिडकी लाव गं. तसं खोकून दाखवलं. इन्साफ हसली आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडलो. हे इथे लिहायला हरकत नाही.

मग तिने पानाच्या मधोमध लिहिलं: इथे आई खोकते. इथे मला हाक मारते.

वर आणि खाली पान कोरं आहे.