नेट जाऊ न देण्याचा पण

१ मे २०२४, रात्री ९
आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसानं आयुष्याला शिस्त लावावी.
मुख्य विषय: घरचं इंटरनेट. मेघाचं डोहाळजेवण १९ तारखेला, आपल्याच घरी. चाळीस बायका. जावई राजकुमारला बंगळुरूहून सुट्टी नाही, तो व्हिडिओ कॉलवर बघणार. आज फोनवर म्हणाला, पप्पा, तुमचं नेट मधेच जातं हो. सहज म्हणाला. मला लागलं.
एकतीस वर्षं वाळूजच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं. एक नट हरवला नाही. आणि घरात नेट जातं?

३ मे
अभ्यास केला. दोष त्या एकाच डब्याचा. तोच मोडेम, तोच राउटर, तोच वायफाय. एका माणसाला तीन खाती दिल्यावर काय होणार? नव्या पद्धतीत सगळं वेगळं: मोडेम वेगळा, राउटर वेगळा, स्विच वेगळा, आणि छताला दोन ॲक्सेस पॉइंट.
आशाबाईंना, म्हणजे आमच्या मंडळींना, समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, टाकीचा बॉलकॉक कधी बदलताय? विषय भरकटवणं हा यांचा जुना स्वभाव.

५ मे, रविवार
सामान आलं. अत्यंत देखणं. इलेक्ट्रिशियन बोलवायचा नाही, असं ठरवलं. सायंकाळपर्यंत काम फत्ते.

५ मे, रात्री
फत्ते नाही. भिंतीला भोक पाडलं ते शेजारच्या खोलीत नाही, कपाटात निघालं. मेघाच्या हिरव्या साडीवर थोडा चुना. साडी झटकली की जाईल. ही म्हणाली, साडी नाय, तुम्हालाच झटकायला पाहिजे.

६ मे
दिवसभर नेट पूर्ण बंद. नेटच्या कंपनीला चार फोन केले, चांगलं खडसावलं. सायंकाळी लक्षात आलं की एका केबलची दोन्ही टोकं मी एकाच स्विचमध्ये खुपसली होती. केबलींचा रंग एकसारखा ठेवणं ही उत्पादकाची चूक आहे.
तात्पुरता जुना डबा पुन्हा लावला.

८ मे, दुपारी ४.१०
नेट गेलं! मी मोबाइलवर स्विचचा व्हिडिओ बघत होतो, ही तिच्या मोबाइलवर मालिका. ही तडक उठली आणि मोटर लावायला निघून गेली. घरात नेट गेल्याचं दुःख करणारा मी एकटाच.

८ मे, रात्री
मूळ सापडलं! आठ दिवसांनी पाणी सुटतं. पुंडलिकनगरातली आमची अख्खी गल्ली एकदम मोटरी लावते. व्होल्टेज पडतं आणि डबा बंद होऊन पुन्हा चालू होतो. तेवढ्यात नेट जातं.
निदान माझं, उपाय माझा. सगळी नवी यंत्रणा, हॉलच्या पंख्यासकट, इन्व्हर्टरवर टाकायची. गल्लीत काहीही होवो, आमच्या हॉलला पत्ता लागता कामा नये.

११ मे
झालं. मोडेम, राउटर, स्विच दिवाणावर ओळीनं मांडले, दोन्ही ॲक्सेस पॉइंट छताला. हिरवे दिवे लागले. समोरच्या आवडाबाईंना बोलवून दाखवलं. त्यांनी विचारलं, यातलं पाणी कशातून येतं? मी हसलो. नंतर मेन स्विच पाडून दाखवला. नेट तसूभर हललं नाही. आवडाबाई म्हणाल्या, लई छान, आता पाडलेलं वर करा, माझं वरण गॅसवर हाय. आमच्या स्विचचा त्यांच्या वरणाशी संबंध नाही, हे सांगितलं नाही.

१४ मे
सहा दिवस, एकदाही नेट गेलं नाही. यंदाच्या दुष्काळात पडेगावकडं चौदा दिवसांनी पाणी येतंय म्हणे. आपल्याकडं सोळाला नक्की. टाकी तळाशी आलीय, पण सोळाला भरली की डोहाळजेवणाचं सगळं निभतं. ही सारखी तेच घोकते. मी म्हटलं, निश्चिंत राहा.

१६ मे, सायंकाळी ६
अनर्थ झाला.
ऊन भयंकर, दारं-खिडक्या बंद. ही मालिका बघत होती, मी नेटचा वेग मोजत होतो. पंखा मस्त फिरत होता. साडेचारला आवडाबाईंनी दार वाजवलं. पाणी जाऊन अर्धा तास झाला होता. तुमची मोटर का नाय लागली, म्हणून बघायला आल्या.
ही धावत जाऊन नळ सोडून आली. कोरडा. मेघा आतून आली, एक हात पोटावर. काय झालं म्हणून विचारलं.
मग ही अगदी हळू बोलली, "अहो, नळ कधी येतो ते मला कुणी सांगत नव्हतं. नेट गेलं की नळ आला, एवढंच कळायचं. तेवढंबी तुम्ही बंद केलं."
मला इतक्या वर्षांत कधी कळलं नाही. नळ आल्याचं हिला कसं कळतं, हे मी कधी विचारलंही नाही.

१७ मे
टँकरवाल्याला फोन. लग्नसराई आणि दुष्काळ, त्याची तारीख एकवीसची. मी माझी ओळख सांगितली. तो म्हणाला, काका, पाणी ओळखीनं नाय येत.
ही बोलत नाही. मेघा म्हणते, कार्यक्रम पुढं ढकलू. बंगळुरूला तरी काय सांगणार? पाणी नाही, पण नेट आहे?

१८ मे
नको नको म्हणत आवडाबाईंकडं गेलो. शरम वाटली, खरं सांगतो. काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, न्या की, तुमची लेक ती माझीबी लेकच. पण पाइप लावू नका, माझ्या टाकीचा नळ बारीक हाय. बादलीनं न्या.

१९ मे, रात्री
कार्यक्रम सुरेख झाला. हिरव्या साडीवरचा चुना गेला नव्हता, फोटोत दिसत नाही. झोपाळा, फुलं, ओटी, गाणी. व्हिडिओ कॉल हॉलमधल्या टीव्हीवर लावला होता, अडीच तास, एकदाही अडकला नाही.
माझं दर्शन मात्र थोडंच झालं. मी गल्ली ओलांडून बादल्या आणत होतो. शेवटी राजकुमारनं सगळ्या बायकांसमोर टीव्हीवरून सांगितलं, "पप्पा, नेट एक नंबर आहे. तुमच्या बादल्या मोजल्या मी, चोवीस."
बायका हसल्या. ही पण हसली. तीन दिवसांनी. मला बरं वाटलं, अगदी डोळे भरून आले. उकाड्यानंही येतात.

२४ मे, सकाळी ५.४०
आज पाणी येणार. वेळ माहीत नाही. नळाशेजारी खुर्ची टाकून बसलोय, हिच्या आदेशानं. नळ उघडा ठेवलाय, खाली पितळी पातेलं. इथं वायफायच्या चारही रेघा फुल.

सकाळी ११
ही आतून दर दहा मिनिटांनी विचारते, आला का? मी सांगतो, नाय.

दुपारी २.२०
राजकुमारचा फोन. कुठं आहात पप्पा? मी सांगितलं, यंत्रणेच्या देखरेखीवर आहे. मेघानं आतून ओरडून सांगितलं, ते नळावर बसलेत.